पाच शे

मु. देवखडी, पो. पिंपळनेर, पश्चिम खानदेश
५ डिसेंबर १९३७

चि. जीवराम यास चुडामणभाऊचा आशीर्वाद.

जळगावच्या प्रदर्शनात शाळेच्या वस्तू मांडणार आहेत, आणि माझ्याकडे काय काय आहे ते तू विचारले आहेस. सांगतो. सगळे माझ्या हातचे आहे, विकत आणलेले एकही नाही.

सागाची भाकर एक. तिचे सोळा तुकडे होतात आणि पुन्हा जोडले की फट दिसत नाही. पाव, निम्मे, पाऊण हे तिच्यावर शिकवतो. कटकटे चाक एक. त्याच्या एका फेऱ्यात चार हात वाट सरते, आणि दर फेऱ्याला पत्र्याची जीभ टक् वाजते. पोरांनी ते ढकलत पिंपळनेरपर्यंतचा रस्ता मोजला. घनफुटाचे खोके एक, आतून डांबर लावलेले, थेंब गळत नाही. बांबूचा काटकोन एक. भोपळ्याच्या पारड्यांची तागडी एक. बोरीच्या लाकडाचे शंभर मणी, चौकटीसह. एक हात मापाची काठी एक, टोकाला पितळ.

आणि दोरी. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अशी दोरी तुझ्या ट्रेनिंग कॉलेजातही नसेल. पाण्याची खोली मोजण्याची आहे. अंबाडीची, तीन पदरी, मीच वळलेली. दर हाताला गाठ, पाचव्या गाठीला तांबडी चिंधी. खालच्या टोकाला मोटारीच्या भंगारातला दोन शेरांचा लोखंडी गोळा. वरच्या टोकाला मनगटात घालायचा फासा, म्हणजे पोरांच्या हातून दोरी सुटून वाहत जायची नाही. फाशाची गाठ माझी मलाच सुचली. ओढली की घट्ट होते, ओली झाली की आणखी घट्ट. फडाच्या दोन गड्यांनी ओढून पाहिली, त्यांना सुटली नाही.

आता आठवड्यातून एक सकाळ आमचा वर्ग बंधाऱ्यावर भरतो. नदीवरून पाट निघतो, पाटावर गावाच्या शेतांचे फड भिजतात, आणि फडात पाणी किती जाते हे पोरांनी आजवर नुसते पाहिले होते, आता मोजतात. पाटात पळसाचे पान सोडायचे. घड्याळ नाही, म्हणून एक टोळी सुरात पावकी म्हणत चालते. पान खुणेला लागले तेव्हा पावकी कुठवर आली, तो वेळ. पावकी संपली तर निमकी. पाढ्यांना पूर्वी रडणारी पोरे आता पाढे म्हणायला भांडतात.

डोंगराखालच्या वाडीवरची दोन पोरेसुद्धा शाळेत येऊ लागली आहेत. सिंगा म्हणून तिकडचा एक मजूर फडावर कामाला येतो, त्याची धनी आणि दिवल्या. धनी अकराची असेल, दिवल्या आठचा. तिच्याइतके नेमके माप गावातल्या कोणाचे येत नाही. दिवल्याला चाक हवे असते, आणि चाक दिले नाही तर दोरी.

सुतारकाम मी कोणाकडे शिकलो नाही, गणितही नाही. फायनलची परीक्षा घरी बसून दिली. तेव्हा शेठ लोकांना दाखवताना हे माझ्या नावाने दाखव. तुझ्या नावाने नको.

चुडामण


जळगाव
१६ डिसेंबर १९३७

तीर्थस्वरूप चुडामणभाऊंना जीवरामचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसलो, रागावू नका. माझ्या नावाने दाखवायला मला ती भाकर तरी जोडता यायला हवी. सोळा तुकड्यांपैकी एक माझ्याकडे उरलाच असता.

इथे भिकनशेठ म्हणून पाट्या-पेन्सिलींचे व्यापारी आहेत. पिंप्राळ्याला घर, दुकान भर बाजारात. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. भाकरीला हसले, चाकाला मान डोलावली, पण दोरीपाशी आले आणि मला दोनदा वाचायला लावली. त्यांचं म्हणणं असं की नदीकाठच्या प्रत्येक शाळेला अशी दोरी खपेल, खात्याची शिफारस तेवढी मिळवायची. भाऊ, माणूस गोड बोलतो आणि पैसे रोख देतो, असा व्यापारी इथे दुसरा मला माहीत नाही. दोरी नक्की पाठवा, आणि ती गाठ कशी मारायची तेही लिहून द्या.

दुसरी गोष्ट कामाची. तुमच्या बाजूला शाळा तपासायला नवे साहेब आलेत. देशावरचे आहेत, आपल्याकडची बोली त्यांच्या कानाला नवी. माझे एक स्नेही त्यांच्या हाताखाली होते, त्यांनी सांगितलं की मुलाने नुसता आकडा तोंडावर फेकलेला साहेबांना खपत नाही, उत्तर पुऱ्या वाक्यात हवं. तेवढं घोकून घ्या. तुमची मुलं हुशार आहेत, पण फडावरच्या गड्यासारखं तुटक बोलतात. मी तिथे शाळेत असतानाही असंच होतं.

वहिनींना नमस्कार. प्रमिला विचारते, भाऊजी भाकर सागाची करतात ती वहिनींच्या हातची पचत नाही म्हणून का?

जीवराम


देवखडी
२० जानेवारी १९३८

चि. जीवराम,

पेटी काल मोटारीने धुळ्याला दिली. तिथून रेल्वेने तुला मिळेल. आत भाकर, चाक (जीभ वेगळी काढून चिंधीत बांधली आहे), खोके, काटकोन, तागडी, मणी, काठी. काठीचे पितळ पुसून घे.

दोरी पेटीत नाही. गाठ कशी मारायची तेही लिहीत नाही.

पुऱ्या वाक्याचे तुझे म्हणणे मी महिनाभर घोकून घेतले. पोरे आता नुसता आकडा सांगत नाहीत, ‘माप’ म्हणून सुरुवात करतात. साहेब येऊन गेले.

शाळेत सध्या पोरे कमी आहेत.

चुडामण


जळगाव
२८ जानेवारी १९३८

तीर्थस्वरूप भाऊंना नमस्कार.

पेटी पोहोचली, एक मणीही हलला नाही. भिकनशेठने भाकर मांडीवर घेऊन लहान मुलासारखी चार वेळा जोडली. पण भाऊ, हे काय केलंत? ज्या वस्तूसाठी माणूस अडून बसला होता तीच नेमकी ठेवून घेतलीत. मी दुकानात पेटी उघडली, शेठ वाकून पाहतात आणि विचारतात, दोरी कुठाय? मी काय सांगू? त्यांना वाटलं आम्ही भाव वाढवतोय. मला वाटलं, फडावरच्या कौतिकनानांच्या बैलाला दावं कमी पडलं आणि तुम्ही ती देऊन टाकली. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? कोणी वस्तूला नावं ठेवली असतील, बसलात रुसून. साहेबांनी ठेवली का? मुलं कमी आहेत म्हणता, ती काय शेतात कामाला असतील, परत येतील. रुसवा सोडा आणि दोरी पाठवा.

जीवराम

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो आणि स्टेशनावर साक्रीकडचा एक ओळखीचा भेटला. त्याने सांगितलं. भाऊ, मला खरंच माहीत नव्हतं. वर लिहिलं आहे ते फाडून दुसरं लिहावं असं वाटलं, पण मग तुम्हाला वाटेल की मी काहीतरी लपवलं. आहे तसं पाठवतो. सिंगाचा मुलगा म्हणजे तोच का, चाक मागणारा? काय झालं ते मला लिहा. लिहवत नसेल तर मी येतो.


देवखडी
८ फेब्रुवारी १९३८

चि. जीवराम,

येऊ नकोस. तुझी शाळा चालू आहे. लिहितो.

तो दिवल्याच होता. जानेवारीचा पहिला आठवडा, सकाळची वेळ. त्या दिवशी मी तीन टोळ्या केल्या होत्या. एक टोळी पाटावर, पानाबरोबर पावकी म्हणत. ती बांधाआड होती, तिला इकडचे दिसत नव्हते. दुसरी टोळी आंब्यांखाली सावल्या मोजत होती. शिदोऱ्याही तिथेच होत्या. तिसरी धनी आणि दिवल्या, बंधाऱ्याच्या पायरीवरच्या सपाट दगडावर, दोरी घेऊन. मी पाटाच्या तोंडाशी खोके भरत होतो.

दगडाला शेवाळ होते. सकाळी मी घासून घेतले होते, पण कडेला राहिले. दिवल्याने गोळा सोडला, तो तळाला लागला, त्याने गाठी मोजल्या आणि वळून माझ्याकडे पाहिले. सांगायला पाहिले असणार. तेवढ्यात पाय गेला.

पाणी चार हात होते. पोहणारे पोर होते ते. फासा मनगटात नसता तर हसत वर आले असते. उरलेली दोरी जमिनीवर लोळू द्यायची नाही, हाताला गुंडाळायची, ही शिस्त माझी. गोळा तळाशी दोन दगडांच्या सांध्यात बसला. मी त्याच क्षणी उडी टाकली आणि तो माझ्या हाताला लागला, जीवराम, त्याचे मनगट मी धरले होते. गोळा हलेना, म्हणून फासा सोडायला गेलो. गाठ ओली झाली की घट्ट होते, असे तुला मी लिहिलेच होते. विळा नव्हता. दातांनी धरली. दोनदा श्वास घ्यायला वर आलो. पहिल्यांदा वर आलो तेव्हा बांधाआड पावकीच चालू होती. दुसऱ्यांदा निमकी. त्यांना कोणी थांबवलेच नव्हते. शेवटी सगळा जोर लावून गोळ्यासकट ओढला, तेव्हा सुटला. वर आणले तेव्हा ती टोळी पान खुणेला लागले म्हणून ओरडत आली.

दोरी मी चुलीत घातली. आता तुला कळले.

यापुढचे ऐक. आठवड्याने साहेब आले, चौकशीला. चावडीत बसले. कारकून लिहायला. मला बाहेर उभे केले, पोरांना एकेकाला आत घेतले. शिक्षक जागेवर होता की नव्हता, होता तर किती हातांवर, एवढाच त्यांचा प्रश्न. हे पाहणारी एकटी धनी. तिने काय सांगितले ते मला नंतर नोटिशीत वाचायला मिळाले. नोटिशीतले वाक्य जसेच्या तसे देतो: ‘मयत मुलाची बहीण, विद्यार्थिनी, इचे सांगण्याप्रमाणे शिक्षक घटनेच्या जागेपासून पाचशे हातांवर होता.’ खाली साहेबांनी स्वतः लिहिले आहे की तेवढ्या अंतरावर आंब्याची झाडे व शिदोऱ्या आढळल्या, सबब मुलीचे सांगणे विश्वसनीय दिसते.

पाचशे हात. मी सावलीत भाकर खात बसलो होतो, असा त्याचा अर्थ.

त्या दगडापासून पाटाच्या तोंडापर्यंत पाच हात आहेत. त्याच दिवशी, हे सगळे होण्याआधी, पहिले माप म्हणून धनीनेच ते काठीने मोजले आणि मी शाबास म्हटले. तिचे माप कधी चुकत नाही. म्हणजे चुकले नाही, तिने सांगितलेच तसे. भाऊ गेला, मला बोलायचे तर तिने मला दगड मारायला हवा होता, मी खाल्ला असता. पण माप खोटे सांगायचे?

गाव माझ्या बाजूने उभे राहिले. फडाचे पुढारी कौतिकनाना यांनी मला ओल्या धोतराने पोर खांद्यावर घेऊन येताना पाहिले होते. त्यांनी चारचौघांत म्हटले, ज्याची पोरगी मास्तरवर खोटे सांगते त्याला आमच्या फडावर काम नाही. सिंगा चार दिवस येऊन उभा राहिला आणि मग यायचा बंद झाला. मी मध्ये काही बोललो नाही. वाडीवरून आता एकही पोर येत नाही. शाळा उघडतो, सात-आठ पोरे बसतात, पाटीवर गणित सोडवतात. पाढे म्हणायला सांगितले तर गप्प बसतात. मीही सांगत नाही.

पुढच्या महिन्यात खुलासा मागितला आहे. नोटीस कबूल करायची, नाहीतर लेखी हरकत घ्यायची. हरकतीत काय लिहावे, तू शिकलेला आहेस, सुचव.

चुडामण


जळगाव
१८ फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप भाऊंना नमस्कार.

तुमचं पत्र मी शाळेत उघडलं आणि पुढचा तास घेता आला नाही.

भाऊ, एक विचारतो. नोटीस तुम्ही वाचलीत. धनीला विचारलंत का?

तुम्ही ट्रेनिंग कॉलेजचं नाव काढता, म्हणून तिथलीच एक गोष्ट सांगतो. आजवर कोणाला सांगितलेली नाही. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं आणि मला उत्तर विचारलं. मी उभा राहून म्हटलं, ‘उत्तर दोन शे.’ अख्खा वर्ग हसला. गुरुजींनी फळ्यावर दोनावर दोन पूज्यं दिली आणि म्हणाले, खानदेशात कापूस जास्त पिकतो म्हणून आकडेही फुगतात वाटतं. वर्षभर मला ‘दोनशे’ म्हणून हाक मारायचे. आपलं ‘शे’ म्हणजे ‘आहे’, हे सांगायला मला तोंड उघडवलं नाही. तेव्हापासून मी ‘शे’ बोलत नाही, घरीसुद्धा. तुम्हीही बोलत नाही, पुस्तकी बोलता. म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही.

माप पाच शे.

हे मोठ्याने म्हणून पाहा. मग देशावरच्या माणसाच्या कानाने ऐका, आणि त्याच्या कारकुनाच्या हाताने लिहा.

मुलीने ‘पाच’ एवढंच म्हटलं असतं तर काही झालं नसतं. पुरं वाक्य बोलायला मी लावलं. मी तुम्हाला लिहिलं, तुम्ही घोकून घेतलंत, तिने ते मन लावून केलं. आठ दिवस मी हेच घोळवतोय.

आता पुढचं. हे वाचून तुम्ही लगेच कागद घेऊन बसाल, म्हणून हात जोडून विनवतो, थांबा. पूर्ण वाचा.

पाचशे राहिलं तर काय होईल? तुमच्यावर ठपका, वर्षाची बढती जाईल. शाळा राहील. माझ्या स्नेह्याने चौकशी केली, साहेबांना प्रकरण वाढवायचं नाही. पाचशेचं पाच केलंत तर पहिला प्रश्न येईल, पाच हातांवर असून मुलगा का वाचला नाही? मग फासा निघेल. फासा निघाला की नुसती दोरी नाही, चाक, भाकर, नदीवरचा वर्ग, सगळंच धोक्याचं ठरेल. वीस वर्षांचं काम. आज त्या कागदात दोरीचं नावही नाही. दोष आहे तो तुम्ही जागेवर नव्हता याचा, वस्तूचा नाही.

हे भिकनशेठच्याही ध्यानात आलं आहे. ते सगळा संच घ्यायला तयार आहेत, हक्कांसह. त्यांची एकच अट आहे. नोटीस आहे तशी कबूल करायची आणि प्रकरण मिटलं की दोरीची कृती लिहून द्यायची. फाशाऐवजी ते लाकडी मूठ बसवतील, म्हणजे पुढे कोणाला धोका नाही. पेटीवर नाव तुमचंच. रक्कम त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिली आहे, ती सोबत जोडतो. भाऊ, चिठ्ठी उघडल्यावर जरा बसून घ्या.

धनीचं वाईट वाटतं. पण ती लहान आहे, गाव विसरेल. सिंगाला कुठेही काम मिळेल. आणि तुमच्या संचावर हजार मुलं हसत गणित शिकतील, हे कोणाला नको आहे?

प्रमिला म्हणते, भाऊजींना हे सुचवू नका. पण मी सुचवतो.

जीवराम


देवखडी
२ एप्रिल १९३८

चि. जीवराम यास आशीर्वाद.

चिठ्ठी उघडली. बसूनच उघडली.

उत्तर उशिरा देतो आहे, कारण तू सांगितलेस तसे आधी धनीला विचारायला गेलो. मला ते सुचायला हवे होते. महिनाभर मी त्या पोरीला मनात खोटारडी म्हणत होतो आणि पुरावा काय, तर कारकुनाचे अक्षर.

वाडीवर सिंगा नव्हता, मोळ्या विकायला गेला होता. दगडीबाईने, पोरांच्या आईने, मला बसा म्हटले नाही. पाणी दिले. मी उभ्याने प्यालो. धनी झोपडीमागे होती. मला पाहून ती पळाली नाही. मी काही विचारण्याआधीच म्हणाली,

“मास्तर, मी पाच सांगं. बठ्ठा म्हनतस पाचशे सांगं.” सगळे गाव तिला तेच ऐकवत होते.

मी म्हटले, तू नक्की काय बोललीस तेवढे बोल. तशी ती सरळ उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी, हात खाली, आणि म्हणाली, “माप पाच शे.” मग विचारले, “चुकनं का?”

मी तिला सांगितले की चुकले नाही. पुरे बरोबर आहे. जीवराम, ती तेव्हा रडली. भावाला जाळले त्या दिवशी रडली नव्हती, असे दगडीबाई म्हणाली.

बाईने मला एवढेच विचारले की तुम्ही तिथे होता ना, मग गाव आमच्याशी असे का वागते? कौतिकनाना बोलले तेव्हा मी गप्प होतो, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी कौतिकनानांना आणि फडाच्या चार माणसांना बंधाऱ्यावर बोलावले. सिंगाला आणि धनीला आणले. काठी तुझ्याकडे पेटीत आहे, म्हणून नवी केली, पितळ नाही. सगळ्यांसमोर धनीने दगडापासून पाटाच्या तोंडापर्यंत मोजले. नानांनी विचारले, कितलं? ती म्हणाली तेच. नाना अहिराणीच बोलतात, त्यांना क्षणात कळले. त्यांनी पागोटे काढून हातात घेतले. मग म्हणाले, “पाच हात, आनि तरी?” सगळे माझ्याकडे पाहू लागले. सिंगाही.

तेव्हा मी फासा सांगितला. पोर त्याच्यामुळे अडकले हे तोवर गावात कोणाला माहीत नव्हते. गाठ कशी होती, कोणी मारली, का सुटली नाही, सगळे सांगितले. सिंगाने मान खाली घातली. त्याने मला शिवी दिली नाही. धनीचा हात धरला आणि वाडीची वाट धरली. धनीने जाता जाता काठी दगडावर नीट आडवी ठेवली.

त्याच आठवड्यात हरकत लिहून धुळ्याला नेऊन दिली. तुझ्या मदतीवाचून लिहिली. त्यात तीन गोष्टी आहेत. मुलगी ‘पाच शे’ बोलली, तो दोन शब्दांचा मजकूर आहे, लिहिणाऱ्याने मधली जागा खाल्ली. सबब मुलीचे माप बरोबर आहे आणि कागदावर तसे नमूद व्हावे. दुसरी, शिक्षक जागेवर होता. तिसरी, मूल कशामुळे वाचले नाही. गाठीची आकृती काढून जोडली, मापासह. साहेबांनी वाचले आणि विचारले, हे तिसरे कलम तुम्हाला कोणी विचारले होते? मी म्हटले, पाच लिहिले की ते आपोआप विचारले जाते. ते म्हणाले, आकृती चांगली काढता.

निकाल परवा आला. मुलीच्या सांगण्याची दुरुस्ती केली आहे, समासात, तांबड्या शाईने. मी ती नक्कल मागून घेतली आणि वाडीवर वाचून दाखवायला गेलो. झोपडी रिकामी होती. कौतिकनानांनी सिंगाला कामाला परत बोलावले होते, तो आला नाही. कुटुंब डोंगरापलीकडे कोळसा पाडायला गेले म्हणतात. नक्कल माझ्याकडे आहे. धनीने ती अजून पाहिलेली नाही.

माझी नोकरी गेली. शाळा उन्हाळ्यानंतर उघडायची नाही असे ठरले. या बाजूच्या कोणत्याही शिक्षकाने मुलांना मोजणीसाठी शाळेबाहेर नेऊ नये, असा वेगळा हुकूमही आहे. तू म्हणालास तसेच सगळे झाले. हे तुला टोचायला लिहीत नाही, तुझा हिशेब बरोबर होता एवढेच.

पुऱ्या वाक्याबद्दल स्वतःला लावून घेऊ नकोस. वाक्य चांगलेच होते. ऐकणाऱ्याला समजले नाही, त्याला बोलणाऱ्याने काय करावे? तू घरी ‘शे’ बोलायला लाग. प्रमिलाला समजेल.

पेटीचे असे कर. चाक, खोके, काटकोन, तागडी, मणी आणि काठी भिकनशेठकडून परत घे आणि मला पाठव. मी आता सुतारकामावर पोट भरणार आहे, लाकूड उपयोगी पडेल. भाकर तुझ्या शाळेत ठेव. तिच्यात गाठ नाही. जोडताना तुकडे दाबू नकोस, आपणहून बसतात.

शेठ विचारतील, त्यांना नीट सांग. लाकडी मूठ लावली तरी ती दोरी मी कोणाला लिहून देणार नाही. आणि धनीचे माप मी खोटे पडू देणार नाही. आठ वर्षांचे पोर गेले ते गेले, अकरा वर्षांच्या पोरीने बरोबर दिलेले उत्तर मी चूक म्हणून सही करावी, याची किंमत त्यांनी आपल्या अक्षरात लिहिली होती. चिठ्ठी परत पाठवतो. मी ती नाकारली. तुझ्या माहितीसाठी रक्कम इथे उतरून ठेवतो.

रुपये पाचशे. हा शब्द मी जोडूनच लिहिला आहे.

चुडामण